भाच्याचं तिसरं मागणं

कालीबेक : तळ्यात हात घालू नकोस! ओराज, हात बाहेर काढ आधी. गरम आहे तुझा हात.

ओराज : मामा, नुसतं बोट बुडवलं.

कालीबेक : बोटाला काय कमी आग असते? पहाटेपासून स्टिअरिंग धरलेला हात तो. पाणी नऊ अंशांवर आणून ठेवलंय मी, नऊ. दहा झालं की मी इथून हलत नाही.

रायखान : आणि बारा झालं की माझ्या फ्रीजरवर धाड पडते. विचार तुझ्या मामाला, घोड्याचं मांस ठेवायला बोटभर जागा आहे का त्यात? नुसत्या बर्फाच्या बाटल्या. पाहुणा आला तर त्याच्यापुढे काय ठेवू, बर्फ उकडून?

कालीबेक : पाहुणा कुठला, भाचा आहे. भाच्याला सगळं चालतं. ये, असा इकडून ये. गुडघे टेक. तो मोठा चपटा दगड आहे ना, त्याच्या कडेखाली बघ. सावली पाडू नकोस. दिसलं?

ओराज : शेवाळ दिसतंय.

कालीबेक : शेवाळ नव्हे रे गाढवा! पिशव्या आहेत. दोन. बोकडाच्या शिंगांसारख्या वळलेल्या.

ओराज : हां, दिसल्या. आरपार आहेत. आत काळे ठिपके आहेत.

कालीबेक : ठिपके म्हणू नकोस. पिल्लं आहेत ती. एकेका पिशवीत चाळीस-पन्नास. अकरा वर्षं, ओराज! अकरा वर्षं मी रोज सकाळी इथे असाच आडवा पडतोय. खातात, वाढतात, कातडं टाकतात, पण अंडी म्हणून नाहीत. मला वाटायला लागलं होतं, हे माझ्यासारखेच म्हातारे होऊन मरणार. आणि गेल्या रविवारी बघतो तर ही!

रायखान : रविवारी हा माणूस अंगणात नाचला. शपथ घेऊन सांगते. आमचा थोरला झाला तेव्हा गवत कापायला निघून गेला होता, तीन दिवसांनी उगवला, 'मुलगा का मुलगी' विचारायला.

ओराज : माझी मुलगी म्हणते, पुस्तकात सॅलमँडर लिहिलंय, आजोबा बेडूकदात काय म्हणतात.

कालीबेक : तिला म्हणावं, सरड्याचं अंग, बेडकाचं कातडं आणि तोंडात दात, मग काय घोडा म्हणायचं? आणि सांग तिला, या डोंगराच्या झऱ्यांशिवाय जगात दुसरीकडे कुठेच नाहीत हे. आमच्या सारीबुलाक झऱ्यात होते. झरा पाइपात घातला, खाली चिखल उरला, चिखलात मेंढ्या. दुधाच्या कॅनमध्ये ओलं शेवाळ घालून नऊ उचलून आणले मी. आता सात आहेत. त्यात नर दोनच.

रायखान : झालं का कौतुक? चहा निवतोय. ओराज, बस. बिस्मिल्ला म्हण आणि घे. बाउरसाक आताच तळलेत. हा कुर्त घे, दह्याचे गोळे यंदा छान वाळलेत, मीठ मात्र माझ्या हातून जरा जास्त पडलं.

ओराज : नको मामी.

रायखान : नको म्हणजे? तीन तास गाडी हाकून आलास, आल्यापासून पाण्याचा घोट नाही. आणि गाडी कुठे ठेवलीस?

ओराज : पुलापाशी. वरचा रस्ता वाहून गेलाय ना.

रायखान : तोंड का असं उतरलंय तुझं? बायकोशी वाजलं?

ओराज : आई पडली.

कालीबेक : काय?

ओराज : सोमवारी. गोठ्याची पायरी ओली होती. खुब्याचं हाड मोडलं.

रायखान : ओयबाय! माझी लाडकी नणंद पडली? आणि आज गुरुवार! तीन दिवस झाले, फोन नाही करता आला?

ओराज : आईनंच करू दिला नाही. म्हणाली, फोनवर सांगायचं नाही, तू स्वतः जा.

कालीबेक : कुठे आहे उल्झान? दवाखान्यात ना?

ओराज : घरी.

कालीबेक : खुबा मोडलेली बाई घरी? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

ओराज : नेलं होतं मामा. सोमवारीच नेलं. डॉक्टर म्हणाले, कापून आत खिळा घालावा लागेल, आणि आठवड्याच्या आत घातला तर बरं. मग हृदयाचा दुसरा डॉक्टर आला. तो म्हणाला, हृदय फार थकलंय, टेबलावर काय होईल सांगता येत नाही, पण नाही केलं तर अंथरुणावरच... आईनं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला घरी न्या.

कालीबेक : आणि तू नेलीस.

ओराज : मग काय करू? वॉर्ड डोक्यावर घेतला तिनं. आता घरी भिंतीकडे तोंड करून पडून असते. जेवत नाही. काल दिवसभरात दोन चमचे दूध. मी पाय धरले तिचे, मामा. चाळीस वर्षांचा बाप्या, पायाशी बसून रडतोय. 'चल ना आई, चल ना आई.' काल रात्री म्हणाली, 'रडू नकोस. माझ्या भावाकडे जा. बेडूकदाताची पूड आण. ती आली की जेवेन.'

कालीबेक : पूड.

ओराज : हो.

कालीबेक : ओराज, ती जुनी गोष्ट आहे रे.

ओराज : जुनी कशी? आमच्या घरात प्रार्थना नंतर शिकवली, ही गोष्ट आधी. आई आठ वर्षांची होती. गवताच्या गाडीवरून पडली. हात असा उलटा झाला होता, हाड बाहेर दिसत होतं. तुम्ही तेरा वर्षांचे. आजोबांनी तुम्हाला झऱ्यावर पाठवलं. तुम्ही एकट्यानं बेडूकदात धरून आणलात, वाळवलात, कुटलात, दुधातून पाजलात. एकविसाव्या दिवशी त्याच हातानं तिनं बादली उचलली.

कालीबेक : लहान मुलीचं हाड. ते जुळणारच होतं.

ओराज : हे तुम्ही म्हणताय? या खोऱ्यात कुणाही म्हाताऱ्याला विचारा, कालीबेक कोण? बेडूकदातवाला. लोक कुठून कुठून यायचे तुमच्याकडे. तुम्हीच विकायचात, मामा.

कालीबेक : विकायचो. म्हणून तर सांगतोय. शेकडो विकले, शेकडो. त्यानं कुणाचं हाड जुळलं नाही. जुळायचं ते जुळलं, नाही जुळायचं ते लंगडत गेलं. तू घरी जा आणि आईला सांग, मामा म्हणतो, कापून घे. मी येतो. मी बसतो तिच्या उशाशी.

ओराज : सांगितलं असतं तर गेली असती? तुम्ही ओळखत नाही का तिला?

रायखान : हट्ट तर घरातलाच आहे तो.

ओराज : एकच द्या, मामा. सातातला एक.

कालीबेक : एक म्हणजे काय, ते तुला कळत नाही. दिवसा सगळे त्याच दगडाखाली असतात. दगड उचलल्याशिवाय हाताला लागणार नाहीत. आणि पिशव्या दगडाला चिकटल्यात. उचलला की फाटतील. एक नाही रे, सगळे मागतोयस तू.

रायखान : अंधारात बाहेर येतात ना? तेव्हा धरा एखादा.

ओराज : अंधारापर्यंत नाही थांबता येत, मामी. शेजारीण संध्याकाळपर्यंतच बसणार आहे आईजवळ. तिला कूस बदलायला माणूस लागतो.

कालीबेक : मी उद्या आणून देतो. आज अंधार पडला की धरतो...

ओराज : आणि उद्या म्हणाल पाणी गरम झालं, परवा म्हणाल पिल्लं फुटायचीत. मामा, मी बघितलं ना मघाशी, कसं बघत होता तुम्ही त्या पिशव्यांकडे. माझ्या आईकडे तरी कधी तसं बघितलंत? ती तिकडे कुजतेय आणि तुम्ही या किड्यामकोड्यांना बर्फ घालताय!

रायखान : ओराज! तोंड सांभाळ.

कालीबेक : बोलू दे त्याला.

ओराज : मी असं मागायला नव्हतो आलो. सरळ मागितलं तर द्याल असं वाटलं होतं. बरं. मग रीतीनं मागतो. भाच्याचं मागणं तीनदा. मामानं त्यातल्या एकालाही नाही म्हणायचं नाही.

रायखान : अरे ओराज, तसं नको...

ओराज : सहा वर्षांचा होतो, शिंगरू मागितलं. कपाळावर चांदवा असलेलं. दिलंत. एकोणीसचा होतो, साइडकारवाली मोटारसायकल मागितली. स्वतः पायी फिरलात, पण दिलीत. तेव्हा म्हणाला होतात, 'एक राहिलं, ओराज. जपून ठेव. मोठ्या कामाला माग.' वीस वर्षं जपून ठेवलं, मामा. आज मागतोय.

रायखान : देऊन टाका हो. शिंगरू दिलं, गाडी दिली. बहीण आहे ती तुमची. भाच्याला दुखावलं तर मामाचा हात थरथरायला लागतो म्हणतात. उगाच नाही म्हणत.

कालीबेक : आणि त्या पुडीनं काही झालं नाही तर?

ओराज : तर नाही झालं. पण नाही दिलीत, तर भावानं नाही दिली म्हणत मरेल ती. ते मी ऐकायचं, रोज.

कालीबेक : ...बरं.

ओराज : द्याल?

कालीबेक : मागितलंस ना रीतीनं? मग विचारतोस काय? जा, भांडं आण कसलं तरी.

ओराज : बरणी आहे. गाडीत आहे. झाकणाला भोकं पाडून आणलीत.

रायखान : घरूनच?

ओराज : हो मामी. घरूनच.

कालीबेक : जा मग. सावकाश जा, चढ आहे. आलास की काढू.

रायखान : गेला. पोराचे खांदे बघितलेत? वाकलेत अगदी. आणि तुम्ही काय असे बसलात दगडासारखे? मलाही वाईट वाटतंय. अकरा वर्षं मी काय नुसती कुरकुर केली? उन्हाळ्यात भर दुपारी लोकरीचं ओलं नमद कोण पसरत होतं या तळ्यावर? पण माणसापुढे काय? आणि एकदा गुण आलाय लाडकीला त्याचा, पुन्हा येईल. येईल म्हणायचं.

कालीबेक : नाही आला.

रायखान : काय नाही आला?

कालीबेक : गुण. तेव्हा मी दिलाच नव्हता बेडूकदात.

रायखान : काय बरळताय?

कालीबेक : बापानं पाठवलं झऱ्यावर. पाणी असं थंड की कोपरापर्यंत हात बधिर. दगड उलटले, सापडली एक. मादी होती. पोट भरलेलं. हातात घेतली. तू बघितलंस ना त्यांचं तोंड, हसल्यासारखं असतं नेहमी. मी तेरा वर्षांचा, रायखान. दगड उचलला, खाली ठेवला, परत उचलला. नाही मारवलं. सोडून दिली पाण्यात.

रायखान : मग पाजलंत काय तिला?

कालीबेक : कुर्त. खिशात एक कुर्त होता, आईनं वाटेत चघळायला दिलेला. शेणीच्या विस्तवावर काळा होईस्तोवर भाजला. दोन दगडांत कुटला. घरी येऊन बापाच्या हातावर ठेवला, म्हटलं, धरला, वाळवला, ही पूड. तेरा वर्षांच्या पोरानं एका दुपारात कसा वाळवला, एवढंही विचारलं नाही त्यानं. पोरगी ओरडत होती आत.

रायखान : अगं बाई... बेचाळीस वर्षं झाली मला या घरात येऊन. बेचाळीस वर्षं मी ही गोष्ट बारशा-लग्नांतून सांगत फिरले!

कालीबेक : माहितीय.

रायखान : आणि तुम्ही बाजूला बसून मान डोलवत होतात!

कालीबेक : काय करू मग? हात जुळला ना तिचा! त्याच आठवड्यात खालच्या गावचा सुतार आला, त्याच्या पोराचा पाय मोडलेला. मग दुसरा, मग तिसरा. बाप छाती फुगवून सांगायचा, 'माझ्या पोराचा हातगुण आहे.' आता पुन्हा खोटी पूड कशी देऊ? पुढच्या वेळेला खरेच धरले. पहिला मारला तेव्हा ओकलो. दुसऱ्याला नाही ओकलो. मग व्यापारी यायला लागले. दोऱ्यात ओवून वाळत घालायचो मी, मिरच्यांसारखे. लोक म्हणतात झरा पाइपानं मेला. पाइप आला तेव्हा झऱ्यात उरलं काय होतं? तो मीच रिकामा केला होता. एकीला सोडलं, त्या खोटेपणापायी शेकडो मारले. हे सात म्हणजे... जाऊ दे. भरपाई होत नसते असली.

रायखान : मग सांगा ना त्याला! ओराजला सांगा, की ते औषध नव्हतंच!

कालीबेक : आता? दगड उचलायची वेळ आल्यावर? त्याला काय वाटेल? मामा तळं वाचवायला गोष्टी रचतोय. तूच सांग, तुला तरी पटलं असतं?

रायखान : ...नसतं पटलं.

(रायखानचा फोन वाजतो. ती नाव बघते आणि फोन स्पीकरवर टाकून दोघांच्या मध्ये पाटावर ठेवते.)

रायखान : लाडके! अगं काय करून घेतलंस हे?

उल्झान : वहिनी, ओरडू नकोस. खुबा मोडलाय, कान शाबूत आहेत. पोचला का ओराज?

रायखान : पोचला. गाडीकडे गेलाय बरणी आणायला.

उल्झान : जवळ नाही ना? बरं झालं. दादा आहे?

कालीबेक : आहे. उल्झान, माझं ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला पुन्हा सांगायचं धाडस होणार नाही. तुझा हात मोडला तेव्हा मी तुला पाजलं ना, ते बेडूकदात नव्हतं. कुर्त होता. भाजलेला. मी फसवलं तुला. बापाला फसवलं, सगळ्यांना. त्यात औषध नव्हतं काही. आता पुन्हा त्याच भरवशावर पडून राहू नकोस. जा, कापून घे. ऐकतेयस ना? उल्झान?

उल्झान : ऐकतेय.

कालीबेक : मग बोल ना काही. शिव्या घाल.

उल्झान : माहीत होतं मला.

कालीबेक : काय?

उल्झान : खारट होता रे, दादा. कितीही काळा केलास तरी कुर्तच तो. या डोंगरातल्या कुठल्या पोरीला कुर्ताची चव कळणार नाही?

रायखान : कर्म माझं! तुलाही माहीत होतं? म्हणजे फक्त मीच वेडी!

कालीबेक : मग बोलली का नाहीस?

उल्झान : बाबा चाबूक घेऊन बसले होते दारात. बोलले असते तर तुझी कातडी सोलली असती त्यांनी. माझा एक हात मोडलेला, तुझे दोन कशाला? गुपचूप प्यायले. आणि तू कोपऱ्यात उभा होतास, चेहरा असा पांढरा. मला वाटलं, हा मेला तर? म्हणून म्हटलं, बरं वाटतंय. मग खरंच वाटलं.

कालीबेक : सगळं माहीत असून मग आता पूड कशाला मागितलीस? पोराला तीन तास पळवलंस?

उल्झान : त्याच्यासाठीच. दिवसरात्र पायाशी बसून रडतो. घरात नुसता हुंदका ऐकू येतो, झोप लागत नाही मला. म्हटलं, याला काहीतरी करायला द्यावं. तीन तास जाईल, तीन तास येईल. येताना तोंड हसरं असेल. तेवढंच.

कालीबेक : आणि कापून घ्यायचं?

उल्झान : नाही.

कालीबेक : उल्झान, डॉक्टर म्हणालेत...

उल्झान : डॉक्टरांनी सांगितलं ते मी पण ऐकलं, ओराजनं अर्धंच ऐकलं. त्याला बाहेर पाठवून विचारलं मी. हृदयाचा डॉक्टर पोरगा भला होता, खोटं बोलता येईना त्याला. म्हणाला, आजी, टेबलावरून उठाल असं वाटत नाही. दादा, ओराजच्या वडिलांना नेलं होतं ना शहरात, परत आले ते ताडपत्रीत गुंडाळून, ट्रकमध्ये. मला तसं नाही यायचं. माझ्या दारातून डोंगर दिसतो. इथेच बरी आहे.

कालीबेक : मी येतो. आता येतो ओराजबरोबर. मी समजावतो तुला.

उल्झान : समजावायला येणार असशील तर येऊ नकोस. नुसता येणार असशील तर ये. तळं कसं आहे? ओराजच्या मुलीनं सांगितलं, तू बर्फ घालतोस म्हणे.

कालीबेक : ...अंडी दिलीत त्यांनी.

उल्झान : खरंच?

कालीबेक : रविवारी. दोन पिशव्या.

उल्झान : अरे वा! दादा! आणि तू ते मोडून मला पूड करून देणार होतास?

रायखान : ओराजनं तिसरं मागणं मागितलं. रीतीनं.

उल्झान : गाढव आहे माझा पोरगा. पण तुझ्याच वळणावर गेलाय. हे बघ, हात लावू नकोस त्यांना. कुर्त आहे ना घरात?

कालीबेक : उल्झान...

उल्झान : आहे ना? भाज आणि कुट. पहिल्यासारखा. त्याला सांग बेडूकदात आहे. मी पिईन त्याच्यासमोर, आणि जेवेन थोडं. त्याला कळलं नाही म्हणजे झालं.

कालीबेक : पुन्हा मला खोटं बोलायला लावतेस.

उल्झान : तेव्हा तू बोललास, मी निभावलं. आता मी मागतेय, तू निभाव. फुटायला किती दिवस लागतात अंडी?

कालीबेक : तीन आठवडे. पाणी थंड राहिलं तर थोडे जास्त.

उल्झान : हात जुळायला पण तेवढेच लागले होते. मग फुटली की ये. मला सांगायला.

कालीबेक : तीन आठवडे?

उल्झान : फार आहेत का? ...बरं. मग आधीच ये. ठेवते, शेजारीण परत आली.

रायखान : ठेवला तिनं. अहो. अहो, बघा माझ्याकडे. रडून घ्या हवं तर, पण लवकर. तो येतोय, कुंपणापाशी दिसतोय.

ओराज : मामा, ही घ्या. ओढ्यावर धुऊन आणली. थंड पाणी भरलंय.

कालीबेक : बरणी नको.

ओराज : म्हणजे? मामा, तुम्ही आताच...

कालीबेक : ऐक आधी. जिवंत नेलास तर वाटेत गाडीत उकडून मरेल, मग गुण राहत नाही. ज्यानं धरला त्यानंच वाळवायचा, त्यानंच कुटायचा. मी भट्टीत वाळवतो. तासाभरात पूड हातात देतो.

ओराज : आणि दगड? पिशव्या?

कालीबेक : ते माझं मी बघतो.

ओराज : मी धरू का दगड? दोघांनी उचलला तर कदाचित पिशव्या...

कालीबेक : नको म्हटलं ना! कुणी बघायचं नसतं. तू पुढच्या खोलीत जाऊन पड तासभर. डोळे बघ तुझे, असे गाडी हाकणार? परतताना मी पण येतोय बरोबर.

ओराज : तुम्ही येताय? मग तळं?

रायखान : मी आहे की. बर्फ घालायला काय पदवी लागते?

ओराज : मामा, मघाशी मी किडेमकोडे म्हणालो. आईकडे तसं बघितलं नाहीत म्हणालो.

कालीबेक : जा रे, पड जा.

ओराज : तिला वाटतच होतं तुम्ही नाही म्हणणार नाही. आई उठेल ना, मामा?

कालीबेक : जेवेल. पूड आली की जेवेन म्हणालीय ना? जेवेल.

ओराज : आता तुमच्याकडे माझं काही मागणं राहिलं नाही. तिन्ही झाली.

कालीबेक : हो. झाली.

रायखान : गेला आत. पडल्या पडल्या झोपेल बघा, कधीचा जागा आहे कोण जाणे. चूल पेटवते मी. तुम्ही खलबत्ता घ्या. किती कुर्त काढू?

कालीबेक : एकच. तेव्हाही एकच होता.

रायखान : हात थरथरतोय तुमचा. द्या इकडे, मी कुटते.

कालीबेक : नको. माझ्याच हातचा हवा.

रायखान : बरं. थांबा मग, तळाशी जुने आहेत, कमी मिठाचे. त्यातला देते. पोरानं वाटेत जिभेला लावून बघितला तर पंचाईत नको.

कालीबेक : नको, हाच दे. खारटच दे. तिला ओळखता आला पाहिजे.